भावाचे आवाज बंद झालेत, पण तो दिवसभर नुसता पडून असतो. डिप्रेशन की निगेटिव्ह सिम्प्टम्स? औषध बदलताना कसं ओळखायचं?

वारणाकाठची

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २६. डिप्लोमा झालाय, कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपला लागला होता. दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा त्रास झाला, म्हणजे शेजारचे पाळत ठेवतात, मोबाईलमधून आपलं बोलणं ऐकतात, रात्री पंख्याच्या आवाजात दोन माणसं आपल्याबद्दल बोलतात असं सगळं. आधी देवऋषी झाला, मग सायकियाट्रिस्ट. निदान स्किझोफ्रेनिया. रिस्पेरिडोन सुरू केलं, वाढवत वाढवत ६ मिलिग्रॅमवर नेलं, सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल. तीनेक महिन्यांत आवाज गेले, संशय गेला. आम्हाला वाटलं सुटलो.

पण आता तो नुसता पडून असतो हो. सकाळी १० ला उठवलं की उठतो, चहा घेतो, परत आडवा. आंघोळ तीन तीन दिवस नाही. विचारलं तर 'हं', 'नको', 'बघू'. गणपतीत मित्र आले होते, त्यांच्यासमोर १० मिनिटं बसला आणि उठून आत गेला. रडत नाही, चिडत नाही, काही मागत नाही. आमच्या घरातला सगळ्यात बडबड्या पोरगा होता हा.

मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले डिप्रेशन असेल तर त्याचं औषध जोडू, निगेटिव्ह सिम्प्टम्स असतील तर औषध बदलायचा विचार करू, आणि औषधानेच असा झाला असेल तर डोस उतरवू, तुम्ही घरी चोवीस तास बघता, तुम्हाला काय वाटतं? ओपीडीत आमच्या वाट्याला ७-८ मिनिटं येतात, मी तिथे गप्पच बसले. मला काय वाटतं तेच मला कळेना. बाबा म्हणतात आळस चढलाय. १५ दिवसांनी परत जायचंय. ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांनी सांगा, तुम्ही कसं ओळखलंत?

शेवंती

ताई, माझ्या मुलीचं हे १४ वं वर्ष. तुमची पोस्ट वाचताना आमचा २०१२ चा दिवाणखाना डोळ्यासमोर आला, तीच गादी, तोच भिंतीकडे केलेला चेहरा.

मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा साध्या भाषेत सांगितलेलं ते सांगते. आवाज, संशय म्हणजे माणसात जे नव्हतं त्याची भर पडली. निगेटिव्ह म्हणजे वाईट असं नाही, वजा. जे होतं ते वजा झालं. बोलणं वजा, हौस वजा, चेहऱ्यावरचे भाव वजा, माणसांत मिसळणं वजा. डिप्रेशनमध्ये माणूस रिकामा नसतो, उलट भरलेला असतो, दुःखाने, अपराधीपणाने, माझं काही खरं नाही या विचाराने. बाहेरून दोघंही गादीवर पडलेलीच दिसतात.

मी एक गोष्ट बघायचे. मुलीला पोहे फार आवडतात. पोहे करू का विचारलं तर 'नको'. स्वतः उठून करणं तर लांबच. पण काही न विचारता गरम पोहे वर लिंबू पिळून पुढे ठेवले की आवडीने खायची, डोळ्यात जरा चमक यायची. म्हणजे चव गेलेली नव्हती, चवीकडे जायची ओढ गेली होती. पुढे २०१६ ला तिला खरं डिप्रेशन आलं तेव्हा तेच पोहे दोन घास खाऊन बाजूला सारले आणि म्हणाली, आई, तू माझ्यासाठी उगीच राबतेस, मी त्या लायकीची नाही. त्या दिवशी मला फरक कळला. सगळ्यांच्या घरी असं लख्ख दिसेलच असं नाही, पण तुम्ही तुमच्या भावाचे पोहे शोधा.

पाटलाचा_वाडा

राग मानू नका पण मला तुमच्या बाबांचं थोडं पटतंय. आजार बरा झालाय म्हणता, आवाज येत नाहीत म्हणता, मग २६ वर्षांचा गडी दिवसभर झोपतो त्याला जरा शिस्त नको का? जेवण आयतं मिळतं म्हणून पण होतं असं. थोडं कडक व्हा.

शेवंती

दादा, मी कडक होऊन बघितलंय, दोन वर्षं. ताट उचलून नेलं, पांघरूण ओढलं, टोमणे मारले. त्यानंतर मुलगी परत ॲडमिट झाली. मी अजून ते स्वतःला माफ केलेलं नाही. यावर अभ्यास आहेत, आधी लंडनमध्ये झाले, नंतर आपल्या चंदीगडलाही, की घरात सतत टीका आणि राग असला की हा आजार उलटायची शक्यता वाढते. पाय मोडलेल्याला चाल म्हणून ओरडून तो चालत नाही. कृपा करून ताईंना हा सल्ला देऊ नका.

रेसिडेंट_रात्रपाळी

मी मानसोपचारात एमडी करतोय, दुसरं वर्ष. पेशंट न बघता इथे डोस सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचाच निर्णय. पण काय काय बघून डॉक्टरांना सांगायचं हे नक्की लिहू शकतो, कारण आम्हाला ओपीडीत खरंच ते दिसत नाही, पेशंट समोर १० मिनिटं बसतो आणि 'ठीक आहे' म्हणून जातो.

तुमच्या डॉक्टरांनी तीन शक्यता सांगितल्या हे फार चांगलं केलंय, कारण बरेचदा तिसरी राहून जाते. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल अशी औषधं मेंदूत डोपामिन नावाचं रसायन अडवतात, त्यानेच आवाज थांबतात, पण हालचालीला लागणारं डोपामिनही अडतं आणि माणूस पार्किन्सनच्या पेशंटसारखा संथ होतो. चेहरा गोठल्यासारखा, पापण्या कमी हलतात, चालताना हात हलत नाहीत, पाय घासत चालतो, सकाळी उशी लाळेने ओली, आवाज बारीक आणि एका सुरात. हे सगळं बघून घरच्यांना वाटतं उदास आहे किंवा त्याला भावनाच राहिल्या नाहीत, आणि आत माणूस वेगळाच असू शकतो. ट्रायहेक्सिफेनिडिल यासाठीच देतात पण त्याने पूर्ण जाईल असं नसतं, शिवाय त्याने तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, विसरायला होणं असे त्रास असतात.

डिप्रेशन ओळखायला एक खास प्रश्नावली आहे, कॅल्गरी स्केल म्हणतात, ९ मुद्द्यांची, १९९० च्या सुमाराला कॅनडात तयार झाली, स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसाठीच. ती वेगळी का बनवावी लागली? कारण नेहमीच्या डिप्रेशनच्या प्रश्नावलीत संथ झालाय का, कामात रस आहे का असे प्रश्न असतात आणि त्यात निगेटिव्ह सिम्प्टम्सवालाही मार्क मिळवतो, औषधाने आखडलेलाही मिळवतो. या ९ मध्ये मुख्यतः मनात काय चाललंय ते विचारतात. मागच्या दोन आठवड्यांत मन कसं होतं, पुढे काही चांगलं होईल असं वाटतं का, स्वतःला इतरांपेक्षा कमी लेखतो का, अपराधी वाटतं का, लोक आपल्याला दोष देतात असं वाटतं का, सकाळी जास्त जड वाटतं का, पहाटे लवकर जाग येऊन मग झोप लागत नाही का, जगणं नको वाटतं का. नववा मुद्दा मुलाखत घेणाऱ्याने स्वतः निरीक्षण करून भरायचा. मार्क डॉक्टर देतील, पण तुम्ही भावाशी याच विषयांवर आपल्या भाषेत बोलू शकता.

आणि मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात येत नाहीत. पहिल्या झटक्यातून बाहेर आल्यावरची वर्षं या बाबतीत जपायची असतात, कारण आवाज गेलेले असतात आणि आपलं काय झालंय हे माणसाला तेव्हाच पहिल्यांदा नीट कळतं. गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा. रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

अजून एक, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ झालंय का? नसेल तर विचारा. थायरॉईडनेही माणूस असाच गळून पडतो.

खिडकीजवळचा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मला स्वतःला हा आजार आहे, ९ वर्षं झाली. आता ३ वर्षांपासून एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस काम करतो. धागा दोनदा वाचला आणि लिहू की नको करत होतो.

मी तिन्ही भोगलंय म्हणून सांगतो, आतून तिन्ही वेगवेगळं असतं पण त्या वेळी सांगता येत नाही कारण सांगायला जे लागतं तेच गेलेलं असतं. औषधाने आखडलो होतो तेव्हा मला उठायचं असायचं. खरंच असायचं. मनात म्हणायचो आता उठू, आणि अंग यायचं नाही, ओल्या वाळूत पुरल्यासारखं. आई काही मजेशीर बोलली की आत हसू यायचं पण चेहऱ्यावर पोचायचं नाही, मग ती म्हणायची याला काही वाटतच नाही. ते ऐकून जे वाटायचं ते पण चेहऱ्यावर पोचायचं नाही.

निगेटिव्ह म्हणतात ते वेगळं. तेव्हा उठायचंच नसायचं. वाईट पण वाटत नव्हतं. दुपारी ४ वाजलेत की ६ काही फरक पडत नव्हता. घरचे दुःखी आहेत हे दिसायचं पण काचेपलीकडून बघितल्यासारखं.

आणि डिप्रेशनमध्ये सकाळ फार वाईट. पहाटे ४ ला जाग. बरोबरची पोरं कुठे पोचली, बहिणीचं लग्न माझ्यामुळे लांबलं, हेच फिरत राहायचं. मी आवाज येत असताना शेजारच्या काकांना शिव्या दिल्या होत्या, ते आठवून घाम फुटायचा. तोंडाने मात्र तेव्हाही 'हं' आणि 'बघू' एवढंच.

म्हणून ताई, तोंडावरून ठरवू नका. विचारा, पण समोर बसवून विचारू नका. माझी बहीण रात्री गच्चीवर शेजारी बसायची, दोघं समोर बघत, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायची. कधी कधी उत्तर यायला ५ मिनिटं लागायची. लोक ५ सेकंद थांबतात आणि म्हणतात बोलत नाही. आणि 'कसा आहेस' विचारू नका, त्याला उत्तर नसतं. 'उठावंसं वाटतं पण उठता येत नाही, की उठावंसंच वाटत नाही' असं दोन पर्याय देऊन विचारा.

वारणाकाठची

खिडकीजवळचा, तुमचं लिहिलेलं वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. लिहिलंत म्हणून आभार मानायला शब्द नाहीत.

एक सांगायचं होतं. रेसिडेंट सरांनी हालचालीचं लिहिलं आणि मला बँकेचं आठवलं. गेल्या महिन्यात त्याचं केवायसी करायला गेलो तर सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत दिला. मी तेव्हा त्याच्यावरच चिडले होते की नीट कर. काल जुनी डिप्लोमाची जर्नल काढली आणि त्याच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या. अक्षर जवळजवळ निम्मं झालंय, आणि ओळीच्या शेवटी अजून बारीक होत जातं. चालताना पण बघितलं, उजवा हात अंगाला चिकटलेला असतो. उशी रोज ओली असते, मला वाटायचं गाढ झोपतो म्हणून.

रेसिडेंट_रात्रपाळी

दोन्ही कागद घेऊन जा. हे फार मोलाचं आहे, आम्ही पार्किन्सनमध्ये अक्षर बघतो ते याचसाठी. डॉक्टर त्याचा हात कोपरातून वाकवून बघतील, आखडलेला असेल तर दातेरी चाकासारखा अडकत अडकत हलतो.

सह्याद्री७२

मी तर म्हणतो हे सगळं औषधांनीच होतंय. केमिकल शेवटी केमिकलच. औषधं बंद करून बघा महिनाभर, योग, शिरोधारा, सात्त्विक आहार, पोरगा टुणटुणीत होईल. माझ्या पाहण्यात एक केस आहे.

शेवंती

नाही हो. असं एकदम बंद करून आमच्या गटातली तीन कुटुंबं पोलीस बोलवायच्या वेळेपर्यंत आलेली मी पाहिली आहेत.

रेसिडेंट_रात्रपाळी

सह्याद्री, तळमळीने लिहिलंय हे कळतं पण हे धोक्याचं आहे. सगळं औषधांमुळेच असतं तर औषधं नव्हती तेव्हा हे दिसायला नको होतं. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ साली या आजारावर पुस्तक लिहिलं, स्किझोफ्रेनिया हा शब्दच त्याचा, आणि भावना आटणं, इच्छाशक्ती जाणं, स्वतःत मिटून जाणं हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. पहिलं औषध क्लोरप्रोमॅझिन, ते वापरात आलं १९५२ ला. म्हणजे आजाराचा म्हणून एक वाटा आहेच. औषधाचाही आहे. तो कमी करायचा तर थोडं थोडं, डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि आवाज परत येण्याच्या आधीच्या खुणा काय होत्या हे घरच्यांनी लक्षात ठेवून. याच्या बाबतीत पहिली खूण काय होती ताई?

वारणाकाठची

झोप कमी झाली होती. आणि मोबाईल उशीखाली ठेवायच्या ऐवजी डब्यात ठेवायला लागला होता.

रेसिडेंट_रात्रपाळी

हे दोन मुद्दे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. डोस उतरताना डबा परत दिसला तर त्याच दिवशी फोन करायचा.

कॅलगरीकर

इथे कॅनडात कॅल्गरीला राहते म्हणून दोन ओळी. वर ज्या स्केलचं नाव आलं ती याच गावातली. आणि याच गावच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी घरातला अनुभव घेऊन पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. पुण्याला जाणं होत असेल तर त्यांच्या कुटुंबीयांच्या गटाची चौकशी करा, तुमच्यासारख्या बहिणी भेटतील. एकटीने ओढू नका.

औषधांबद्दल एक विचारून ठेवा, डिप्रेशनची गोळी जोडायची ठरली तर कुठली. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिनने रिस्पेरिडोनची रक्तातली पातळी वाढते. म्हणजे गोळी उदासीसाठी आणि माणूस अजून आखडणार. माझ्या दिराच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं, दोन डॉक्टरांकडे दोन चिठ्ठ्या चालू होत्या आणि कुणीच दोन्ही एकत्र बघितल्या नाहीत.

वारणाकाठची

काल रात्री गच्चीवर बसले त्याच्याबरोबर. खिडकीजवळचा यांनी सांगितलं तसं, समोर बघत. दोन पर्याय देऊन विचारलं. बराच वेळ गेला, मी मनात मोजत होते. मग म्हणाला, 'उठायचं असतं.' थोड्या वेळाने म्हणाला, 'पण सकाळी वाटतं झोपेतून उठलोच नाही तर बरं.'

मी विचारलं स्वतःला काही करायचं मनात येतं का. नाही म्हणाला, आई आहे म्हणून. गोळ्या माझ्या कपाटात ठेवल्यात. आज सकाळी डॉक्टरांना फोन केला, १५ दिवस न थांबता उद्याच बोलावलंय.

शेवंती

शाब्बास पोरी. जाऊन आलीस की लिही.

वारणाकाठची

जाऊन आलो. या वेळी डॉक्टरांनी २५ मिनिटं दिली. कागद बघितले, हात वाकवून बघितला, दोन्ही आखडलेत, उजवा जास्त. ते ९ मुद्दे त्याला एकट्याला बसवून विचारले. म्हणाले औषधाचा वाटा नक्की आहे, डिप्रेशनही बहुतेक आहे, पण दोन्ही एकदम बदलली तर कशाने काय झालं कळणार नाही. आधी रिस्पेरिडोन ६ चं ५, दोन आठवड्यांनी ४. डिप्रेशनची गोळी लगेच नाही, पण दर आठवड्याला आणायचं आणि मरणाचा विचार वाढला तर त्याच दिवशी. रक्त दिलंय. मी वही केलीये, रोज पाच ओळी. झोप, चालणं, किती बोलला, सकाळ कशी, आणि मोबाईल कुठे आहे.

पाटलाचा_वाडा

ताई, मी वर जे लिहिलं त्याबद्दल माफी मागतो. माझ्या चुलतभावाला आम्ही असंच वागवलं. आज त्याच्याकडे जाऊन आलो.

वारणाकाठची

सात आठवडे झाले, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहिते.

४ वर येऊन एक महिना झाला. हात हलायला लागले, उशी कोरडी असते, परवा आईने काहीतरी सांगितलं आणि हा हसला, दात दिसले, आई देवघरात जाऊन बसली. आवाज नाहीत, मोबाईल उशीखालीच असतो. थायरॉईड नॉर्मल, बी१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली.

पण एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. अंग सुटलं तसा तो बोलायला लागला आणि जे बोलायला लागला ते ऐकवत नव्हतं. मी वाया गेलो, बाबांची एफडी माझ्यावर मोडली, वर्कशॉपमधल्या पोरांना मी काय काय बोललो. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं डोस कमी करून आपण त्याला बिघडवलं. डॉक्टर म्हणाले बिघडला नाही, हे आत होतंच, आधी बाहेर पडायला वाट नव्हती. मग सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी सुरू केली, लहान डोसवर. चौथा आठवडा चालू आहे. पहाटेची जाग थांबलीये, झोपेतून न उठण्याचं परत विचारलं तेव्हा म्हणाला, 'आता रोज नाही वाटत.' रोज नाही एवढं खरं.

तरी मित्रांना स्वतःहून फोन करत नाही. आंघोळीला सांगावं लागतं, सांगितलं की जातो. शेवंतीकाकू, तुमचे पोहे म्हणजे आमच्याकडे कॅरम निघाला. मांडला तर खेळतो, जिंकतो पण, स्वतः कधी मांडत नाही. हा वाटा बहुतेक आजाराचा असणार, डॉक्टरही तेच म्हणाले, आणि याच्यावर औषधांचा जोर कमी पडतो हेही म्हणाले. कॅरिप्रॅझिन या दुसऱ्या औषधाचं नाव काढलं होतं पण एवढ्यात नको, आधी हे स्थिर होऊ दे, आणि रोज ठरलेल्या वेळी एक ठरलेलं काम द्या असं सांगितलंय. सध्या संध्याकाळी दुधाच्या पिशव्या आणायचं काम त्याच्याकडे आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस जातो.

पहिली वही संपली, दुसरी आणलीये.

खिडकीजवळचा

बरं वाटलं वाचून. एक विचारू? ती वही त्याने बघितलीये का? माझ्या बहिणीने माझ्यावर तीन वर्षं लिहिली, मला कधी दाखवली नाही. मला वाचायची होती. कुठल्या दिवशी मी कसा होतो ते मला माहीतच नाही.

वारणाकाठची

नाही दाखवली. सुचलंच नाही. आज गच्चीवर घेऊन जाते.